खुलासा : कुत्र्याच्या कानात लिंबाचा रस घालू नका

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘कुत्र्याच्या कानाला वास येतो? लिंबाचा रस नि कोमट तेल घाला, बुरशी जाते.’ हे चुकीचं आहे.

मॅलेसेझिया हे यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही असतंच. अ‍ॅलर्जी किंवा ओलावा असला की बेसुमार वाढतं. कानात तपकिरी चिकट मळ साचतो, आंबूस वास येतो. पण जिवाणूंनी किंवा माइटनेही (कानात राहणारे अगदी बारीक परजीवी) कान असाच दिसतो. मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच नेमकं कारण कळतं, आणि औषध त्यावरच ठरतं. लाल झालेल्या कानात लिंबाने भयंकर आग होते हो! पडदा फाटलेला असेल तर रस थेट आत उतरतो. ऐकूही कमी येऊ शकतं.

तापी-गिरणेत डुंबून आलेल्या कुत्र्याचे कान पुसून कोरडे करा, वास आला तर पशुवैद्यकांना दाखवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.