व्हिक्टोरियन फोटोंतली ती ‘उभी प्रेतं’ जिवंत माणसं आहेत

इंग्लंडमधले व्हिक्टोरियन काळातले (राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीतले, 1837–1901) काही फोटो सध्या फिरत आहेत. मृत माणसाला लोखंडी स्टँडला बांधून, उभं करून घरच्यांसोबत फोटो काढायचे, असा त्यांच्यासोबतचा मजकूर आहे. पुरावा म्हणून पायांमागे दिसणाऱ्या स्टँडच्या बैठकीवर लाल गोल केलेला असतो. काही फोटोंत रंगवलेले डोळे किंवा कापडाखाली लपून बाळाला धरलेली आई, हीही प्रेताची खूण म्हणून दाखवतात.

ती बैठक उलट गोष्ट सांगते. तेव्हा फोटोसाठी कित्येक सेकंद निश्चल राहावं लागे, जरा हललं की चेहरा पुसट. म्हणून मानेला आणि कमरेला टेकू देणारा स्टँड जिवंत माणसासाठी वापरत. निर्जीव देहाचं वजन पेलण्याची त्याची ताकदच नव्हती. ‘रंगवलेले डोळे’ही तसेच: त्या काळी फोटो ज्या काचांवर घेत, त्यांवर निळे डोळे पांढुरके उमटत, मग फोटोग्राफर ते हाताने गडद करी. आणि कापडाखाली लपलेली आई? ती चुळबुळणाऱ्या बाळाला धरून बसलेली असे. मेलेल्या बाळाला स्थिर धरायची गरज कुणाला पडेल?

मृतांचे फोटो काढत, हे मात्र खरं. पण बिछान्यावर किंवा शवपेटीत निजलेले, बाळ असेल तर बहुधा आईच्या मांडीवर. इंग्लंडमध्ये तेव्हा हजारातली सुमारे 150 बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच जात. स्कार्लेट फीव्हर, घटसर्प थोड्या मोठ्या मुलांना नेत. अनेक घरांत त्या मुलाचा तो एकमेव फोटो असे. त्यांच्या या दुःखाला विकृती म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. असा फोटो आला तर कृपया पुढे पाठवू नका.