हनोईत रस्ता ओलांडताना धावू नका

व्हिएतनामला जाणाऱ्या आपल्या मंडळींची हनोईबद्दल एकच तक्रार असते: स्कूटर फार, चालणार कुठे? आणि मग जुनं शहर गाडीत बसून बघितलं जातं. हे चुकतंय. हा भाग पायीच बघायचा आहे, आणि अडचण रहदारीपेक्षा आपल्या सवयीची जास्त आहे.

आपण रस्ता ओलांडतो तो फट बघून, पळत, मध्येच थबकून. हनोईत नेमकं हेच अंगाशी येतं. समोरून येणारा स्कूटरवाला तुमचा वेग बघून, दोन सेकंदांनी तुम्ही कुठे असाल याचा अंदाज बांधतो आणि तुमच्या मागून गाडी काढतो. तुम्ही थांबलात किंवा एक पाऊल मागे घेतलंत की त्याचा अंदाज चुकतो. म्हणून एका संथ लयीत, सरळ रेषेत चालत राहायचं. पण हा भरवसा फक्त दुचाक्यांवर. मोटार किंवा बस येत असेल तर ती जाऊ द्या, तिला वळायला जागा नसते. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपली मान सवयीने आधी चुकीच्या दिशेला वळते. उलट्या दिशेने येणारेही असतात, तेव्हा दोन्हीकडे बघाच.

फुटपाथ चालायला मिळेल असं धरू नका. तिथे स्कूटर लावलेल्या असतात, नाहीतर वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं मांडून लोक फो (नूडल्सचं सूप) खात बसलेले असतात. रस्त्याच्या डाव्या कडेने चाला, म्हणजे येणारी वाहनं समोरून दिसतात.

वाट सोपी आहे. होआन किएम तळ्याच्या उत्तर टोकाहून निघा: हांग दाओ, हांग न्गांग, हांग दुओंग आणि मग दोंग सुअन बाजार. रस्ता एकच आणि सरळ, जेमतेम किलोमीटरभर, पण नाव दर दोन-चार मिनिटांनी बदलतं. वाट चुकलो असं इथेच अनेकांना वाटतं. 'हांग' म्हणजे माल. ज्या गल्लीत जो माल, ते तिचं नाव. आपल्याकडच्या तांबट आळीसारखंच. हांग दुओंग ही साखरेची गल्ली, आज तिथे खारवलेली, साखरेत मुरवलेली सुकी फळं मिळतात. हांग थिएकमध्ये अजून पत्रा ठोकतात. फुटपाथवर बसून पत्रा वाकवणारा कारागीर दिसण्याआधी त्याचा हातोडा ऐकू येतो. हांग मामध्ये पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू असतात, कागदी नोटांपासून कागदी कपड्यांपर्यंत. बाजाराजवळच्या हांग चिएउने पूर्वेला गेलात की ओ क्वान चुओंग ही 1749 सालची वेस लागते.

सकाळी सहा ते आठ ही वेळ उत्तम. मे ते ऑगस्ट दुपारी बाहेर पडू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारीक भुरभुर असते आणि फुटपाथच्या फरश्या शेवाळल्यासारख्या निसरड्या होतात, तेव्हा तळ घासलेले बूट नकोत.

20 हजार आणि 5 लाख डोंगच्या नोटा दोन्ही निळ्या असतात. घाईत एकीऐवजी दुसरी जाते. मोठ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

शाकाहारींनी 'चाय' (Chay, म्हणजे शाकाहारी; आपला चहा नव्हे) ही पाटी शोधावी. नुसतं भाज्यांचं सूप मागितलं तरी त्यात माशांचा सॉस असू शकतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच स्थानिकही शाकाहार पाळतात, त्या दिवशी असं जेवण सहज मिळतं.