सूरपारखी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

सूरपारखीजी,

फिलिप जारूस्की या फ्रेंच काउंटरटेनरवरच्या (म्हणजे बाईच्या पट्टीत, वरच्या आवाजात गाणारा पुरुष) माझ्या लेखाखाली तुम्ही रात्री पावणेबाराला जे लिहिलंत ते वाचलं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून झोपायला गेले, पण झोप कुठली. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात देते: "ताई, थोडा अभ्यास करून लिहीत चला. आर्तासेर्से हा त्याचा ग्रुप 2004 चा नाही. माणूस फ्रेंच, पण गातो बहुतेक इटालियन. फ्रेंच बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या) ऑपेरात असल्या आवाजाला जागाच नव्हती, नायक ओत-कोंत्र (उंच पट्टीचा पुरुषी आवाज) असायचा, त्यावर तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. मी मोबाईलवर दोन मिनिटं ऐकलं, सगळा चोरटा आवाज. कुठे आपले बालगंधर्व आणि कुठे हे."

साल मान्य. ग्रुप 2002 चा. 2004 मध्ये जारूस्कीला व्हिक्तोआर द ला म्युझिक या फ्रेंच संगीत पुरस्कारांतलं नवोदितांसाठीचं पारितोषिक मिळालं आणि टाइप करताना माझी गल्लत झाली. चुकलं की मी चुकलं म्हणते, तेवढा मोठेपणा प्रत्येकात असतोच असं नाही.

आता "ताई". आपली ओळख नाही, तुम्ही माझ्यापेक्षा लहान की मोठे तेही मला ठाऊक नाही, आणि ताई म्हणून लगेच पुढच्या तीन शब्दांत अभ्यास काढायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, पाट मांडायचा आणि बसायच्या आत ओढून घ्यायचा. हाच लेख एखाद्या दादाने लिहिला असता तर तुम्ही "साल एकदा तपासा" एवढंच लिहिलं असतंत. असो.

चोरटा आवाज. हा शब्द तुम्ही सहज फेकलात, मला तो चांगला माहितीये. सांगलीत अकरा वर्षं गाणं शिकले. दहावीत असताना एका स्पर्धेत तार सप्तकात गेले आणि परीक्षकांनी सगळ्या हॉलसमोर, माईकवरून सांगितलं, "बाळ, वर चोरटा लागतोय." हॉल हसला. आणि ते बरोबर होतं हो! मी खरंच चोरत होते, सूर हाताला येत नव्हता म्हणून आवाज बारीक करून नुसती शिवून खाली पळत होते. त्यानंतर दोन वर्षं पहाटे खर्ज भरला. तेव्हा चोरणं म्हणजे काय हे मला मोबाईलवरच्या दोन मिनिटांत कोणी शिकवू नये.

जारूस्की वर जाऊन पळत नाही, तो तिथेच राहतो. लेखात दिलेलं 'आल्तो जोवे' ऐका, पोर्पोरा या इटालियन संगीतकाराने 1735 च्या लंडनमधल्या 'पोलिफेमो' या ऑपेरात फारिनेल्ली या तेव्हाच्या गाजलेल्या गायकासाठी लिहिलेलं. पहिलाच सूर. कानाला लागेल न लागेल असा सुरू होतो, फुगत जातो, भरतो आणि मग तसाच बारीक होत मिटतो, मध्ये कुठे सांधा नाही. इटालियनमध्ये याला मेस्सा दि वोचे म्हणतात. मी स्वयंपाकघरात हातातलं लाटणं खाली ठेवून त्याच्यासोबत तो सूर लावून बघितला, त्याचा भरायला लागला होता तेव्हा माझा दम संपला होता. बोलताना या माणसाचा आवाज चांगला पुरुषी आहे, गातो तेव्हा स्वरतंतूंच्या नुसत्या कडांवर गातो, आणि त्या कडांवर अख्खा ऑपेरा तोलायचा, पंचवीसेक वर्षं, ही चोरी असेल तर मला पण शिकवा ती. त्यात हा मूळचा व्हायोलिनवाला, गाण्याकडे वळला तोच अठराव्या वर्षी एका काउंटरटेनरला ऐकून. माझं आपलं मत, तो श्वास वापरतो ते गज ओढल्यासारखा, एकदा टेकवला की टोकापर्यंत.

बालगंधर्वांना मध्ये आणलंत म्हणून सांगते. बालगंधर्व भामिनी झाले, सिंधू झाले, पण गळा त्यांचा स्वतःचाच, नैसर्गिक. जारूस्कीचं उलटं आहे, आवाज वरचा आणि भूमिका बहुतेक पुरुषांच्या, नीरो, सेस्तो, रुजेरो. त्या काळी ही कामं कॅस्ट्राटो करायचे, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेले पुरुष गायक, तेच तेव्हाच्या रंगभूमीवरचे हिरो. तुलनाच करायची असेल तर फ्रान्समधल्या नान्सी शहरात 2012 मध्ये झालेलं 'आर्तासेर्से' बघा, ग्रुप नव्हे, त्या नावाचा ऑपेरा. व्हिंची या इटालियन संगीतकाराचा हा ऑपेरा 1730 मध्ये रोमला झाला, तिथे बायकांना रंगमंचावर बंदी, म्हणून सगळे पुरुषच. नान्सीत पण तसंच केलं, पाच काउंटरटेनर, त्यातले दोघे बायकांच्या पोशाखात, जारूस्की स्वतः राजा आर्तासेर्से. ते बघून मला संगीत नाटकच आठवलं, आणि हे मी मूळ लेखात लिहिलेलं आहे, शेवटून दुसरा परिच्छेद, पण तिथवर पोचलात तर ना.

राहिलं ओत-कोंत्रचं. हो, लुली आणि रामो या फ्रेंच संगीतकारांचे नायक उंच टेनर (वरच्या पट्टीत गाणारा नैसर्गिक पुरुषी आवाज) असायचे, फ्रेंचांना ऑपेराच्या नायकाला कॅस्ट्राटो नको होता, हे सगळ्यांना माहितीये. लेख एका माणसाच्या कारकिर्दीवर होता, फ्रेंच संगीताच्या इतिहासावर नव्हता. त्यावर वेगळं लिहीन, सवडीने. आणि फ्रेंच गात नाही म्हणता तर 2009 चा 'ओपियम' हा त्याचा अल्बम आहे, सगळी फ्रेंच गाणी. बरोक नाहीत ती, कळतंय मला, लगेच लिहू नका.

2017 मध्ये त्याने पॅरिसजवळ अकादमी काढली, जिथे ज्यांना परवडत नाही अशा घरांतल्या सात ते बारा वर्षांच्या मुलांना पियानो, व्हायोलिन, चेलो शिकवतात. यावर लेखात एक अख्खा भाग होता. त्यावर तुमचा एक शब्द नाही.

पुढच्या वेळी हेडफोन लावून ऐका. आणि 2004 चं 2002 केलंय, पेज रिफ्रेश करा म्हणजे दिसेल.