वादळात केळी आडवी झाली, तेव्हा देव कुठे होता?

भाऊ, नमस्कार.

तोरणमाळवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "तुम्हाला डोंगर-तळं पाहून येशू भेटतो. माझी रावेरकडची निसवलेली, घडांवर आलेली केळीची बाग एका वादळात झोपली, तो निसर्ग कोणाचा? प्रार्थनेनं घड परत येतात का? आणि सृष्टीपुढे हात जोडायला ख्रिस्ती कशाला व्हावं लागतं, आपल्याकडे काय कमी होतं?" तुमचा राग रास्त आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही.

कमी काहीच नव्हतं. फुलामुलांचे कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत आणि पुढेही अभंगच लिहीत राहिले. पण इतका निसर्गवेडा माणूसही फुलं पाहून ख्रिस्ती झाला नाही. रेल्वेच्या प्रवासात हाती आलेला बायबलचा नवा करार वाचताना तो येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडला. माझंही तसंच झालं. तोरणमाळच्या यशवंत तलावावर धुकं उतरलं की जीव भरून यायचा, आभार मानावेसे वाटायचे, पण कोणाचे? तळ्याला त्याचं काय! सौंदर्यानं मला त्या प्रश्नापर्यंत आणलं. ज्याचे आभार मानायचे त्याला 'बापा' म्हणून हाक मारायची, हे मात्र मला त्या प्रवचनातच सापडलं.

रानातली फुलं आणि आकाशातली पाखरं याच प्रवचनातली. आम्ही ती कॅलेंडरवर छापतो. पण त्याच्या थोडं आधीचं वाक्य सहसा छापत नाही: पिता आपला सूर्य चांगल्यांवर आणि वाइटांवर उगवतो, पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाडतो. म्हणजे तुमची बाग गेली ती तुमच्या पापामुळे नाही, आणि शेजारच्याची वाचली ती त्याच्या पुण्याईनं नाही. याउलट कोणी सांगितलं तर ऐकू नका, मग तो आमचा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, का असेना.

निसर्ग म्हणजे देव, असं मी मानत नाही. सारी सृष्टी वेदनांनी कण्हते आहे असं येशूचा प्रेषित पौल यानं रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलं. ते कण्हणं तुम्ही मधोमध मोडलेल्या खोडांत पाहिलंत. पण भाऊ, केळीच्या कमळाचं, म्हणजे केळफुलाचं, एकेक जांभळं पान उचलत जातं, खाली फणी दिसते, आधी जमिनीकडे वळलेली केळी हळूहळू वर वळतात, हेही तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. वादळ खरं म्हणून हे खोटं ठरत नाही. मला दोन्ही एकाच देवापुढे न्यावी लागतात.

आता प्रार्थना. तिनं घड परत येत नाहीत. गेथशेमाने बागेत येशूनं मागितलं होतं, हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळो. टळला नाही. दुसऱ्या दिवशी तो क्रुसावर होता. माझा भरवसा इथेच बसला. मागितलेलं मिळालं नाही तरी बापाचा हात न सोडणारा तो आहे, म्हणून मी त्याच्या मागे जाते. माझी आई आजारातून उठावी म्हणून मी रात्र रात्र मागत होते. ती गेली. त्यानंतर कित्येक दिवस माझ्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता, तेव्हा बायबलमधला हबक्कूक संदेष्टा उपयोगी पडला. अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, असं एकेक मोजून तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. तो नुकसान लपवत नाही. मला तोच विश्वास झेपतो.

आणि प्रार्थना करून पंचनाम्याची वाट पाहत बसा, असं मी म्हणणार नाही. फळपीक विमा काढला असेल तर वादळाच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. ती दिली होती ना? पुढचे कागद अडले असतील तर कळवा, आमच्या मंडळीत हे काम जाणणारी माणसं आहेत. शिवाय रविवारी उपासनेत तुमच्या घरासाठी प्रार्थनेची विनंती द्यावी असं मनात आहे. तुमचा होकार असेल तरच देईन.