मस्करीची कुस्करी होते तेव्हा

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले, हे महाराष्ट्रात तरी कोणी विसरले नसावे, कारण त्या खटल्याला तोंड फुटले ते पालघरच्या प्रकरणातून. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, एका तरुणीने फेसबुकवर त्याबद्दल नापसंती लिहिली, दुसरीने तो मजकूर ‘लाइक’ केला आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. ‘घोर आक्षेपार्ह’ मजकूर हा गुन्हा ठरवणारी ती तरतूद मात्र अस्सल देशी नव्हती. तिचे कूळ इंग्लंडच्या कायद्यात आहे. टेलिफोनवरून पाठवलेल्या निरोपांसाठी १९३५ मध्ये तेथील टपाल कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिचीच आजची आवृत्ती म्हणजे २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचे कलम १२७, आणि मी राहतो त्या या देशात ते अजूनही लागू आहे. ज्यांच्याकडून आपण ही तरतूद उचलली त्यांनी ती जपून ठेवली आणि आपण ती मोडीत काढली. ‘तुमच्याकडे काय, काहीही बोललं तरी चालतं,’ असे फोनवर ऐकवणाऱ्या पुण्यातल्या नातेवाइकांना हे सांगूनही पटत नाही.

त्या कलमाचा प्रताप आमच्या शेफिल्डच्या शेजारीच पाहायला मिळाला होता. डॉन्कास्टरजवळ तेव्हा रॉबिन हूड या नावाचा विमानतळ होता (२०२२ मध्ये तो बंदच पडला). जानेवारी २०१० मध्ये बर्फामुळे तो बंद राहिला, आणि विमानाने मैत्रिणीला भेटायला निघालेल्या एका तरुणाने वैतागून ट्विटरवर लिहिले की, आठवडाभरात कारभार सुधारा, नाही तर मी विमानतळ उडवून देईन. विमानतळाच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनासुद्धा ही धमकी खरी वाटली नव्हती. तरीही त्याला अटक झाली, धमकीवजा संदेश पाठवल्याबद्दल दंड झाला आणि नोकरी गेली. जुलै २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि बजावले की, चेष्टामस्करी काहींना अभिरुचिहीन वाटली किंवा ज्याच्यावर ती झाली त्याला लागली, तरी तेवढ्याने ती या कलमात बसत नाही.

६६अ रद्द करताना आपल्या न्यायालयाने हा निकाल विचारात घेतला आणि त्याच्या जोडीला २००६ चा आणखी एक. एका माणसाने खासदाराच्या कार्यालयात फोन करून वंशद्वेषी भाषेत निरोप ठेवले होते. खालच्या दोन न्यायालयांना ते आक्षेपार्ह वाटले, पण ‘घोर’ आक्षेपार्ह वाटले नाहीत. तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सला मात्र वाटले. त्याच पुराव्यावरून कायद्यात मुरलेल्या न्यायाधीशांचे निष्कर्ष इतके विरुद्ध येत असतील, तर या शब्दांना धरता येईल असे मापच नाही, असे आपल्या न्यायालयाने म्हटले. फौजदाराची गोष्ट तर सोडूनच द्या. रद्द झालेल्या कलमाखाली नंतरही ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच त्याचे आश्चर्य व्यक्त करावे लागले.

एवढे सगळे सांगायचे कारण असे की, विनोदाने हद्द कोठे ओलांडली हा प्रश्न दोन्ही देश पोलिसांच्या टेबलावर नेऊन ठेवतात, फक्त वेगवेगळ्या वाटेने. इंग्लंडमध्ये संदेश पाठवला की गुन्हा पूर्ण झाला. वाचणाऱ्याला तो लागला की नाही, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनच्या पोलिस दलात असलेल्या दोघांना एका खासगी व्हॉट्सॲप गटातील जुन्या संदेशांबद्दल सुमारे तीन महिन्यांची शिक्षा झाली. सेरा एव्हरार्ड या तरुणीचा खून करणारा पोलिस शिपाई त्याच गटात होता, म्हणून ते संदेश उजेडात आले. बायका, परजातीय नागरिक, अपंग माणसे यांच्याबद्दलची ती भाषा वाचवत नाही, आणि ‘आमची आपापसातली मस्करी होती’ हा बचाव न्यायालयाने मानला नाही. अशा माणसांच्या अंगावर वर्दी राहता कामा नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्यांची टवाळी झाली त्यांच्यापैकी एकही जण ज्या गटात नव्हता, तेथे लिहिलेल्या शब्दांसाठी तुरुंग, हे मला अजून पचलेले नाही. पुढे पंतप्रधान झालेले कीअर स्टार्मर सरकारी वकिलांचे प्रमुख असताना २०१३ मध्ये त्यांनी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत शहाणपण अधिक होते. मजकूर लगेच मागे घेतला का, खरा पश्चात्ताप दिसतो का, तो सगळ्या जगासाठी लिहिला होता की चार मित्रांसाठी, हे आधी पाहा आणि मग खटल्याचा विचार करा, असा त्यांचा रोख होता.

आपल्याकडे गुन्ह्याची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून होते. कोणाच्या तरी भावना दुखावाव्या लागतात, आणि त्या दुखावण्यासाठी तो माणूस प्रेक्षागृहात असण्याची गरज नसते. मार्च २०२५ मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी तेव्हाचे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत म्हटले. शिवसैनिकांनी असे कार्यक्रम होणाऱ्या खारच्या ‘हॅबिटॅट’ या जागेची मोडतोड केली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन त्याच जागेवर हजर झाले. त्याच्या आधी जुलै २०२० मध्येही याच जागेची तोडफोड झाली होती. अरबी समुद्रातील नियोजित शिवस्मारकाविषयी लोक इंटरनेटवर काय काय लिहितात, याची चेष्टा विनोदी कलाकार अग्रिमा जोशुआ यांनी तेथे केली होती. त्यांनी माफी मागितली, तरीही त्यांना बलात्काराच्या धमक्या आल्या आणि उघड चित्रफीत काढून तशी धमकी देणाऱ्या एकाला पोलिसांनी वडोदऱ्यात पकडले. या दोन्ही प्रकरणांत हद्द कोणी ओलांडली, हे मला तरी लख्ख दिसते. सत्तेवरच्या माणसाची भर मंडळींत रेवडी उडवणे ही मराठी मुलखाची जुनी रीत आहे. तमाशातला सोंगाड्या पाटलाला पुढच्या रांगेत बसवून त्याची फिरकी घेतो आणि पाटील फेटा सावरत हसतो. त्याला राग आला, तरी दुसऱ्या दिवशी गावात पाटीलकी त्याचीच असते.

घरच्या वादात मला खटकते ते असे की, अश्लील आणि क्रूर या दोन गोष्टींचे आपण एकच गाठोडे बांधतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या कार्यक्रमात रणवीर अलाहबादिया यांनी एका स्पर्धकाला आईवडिलांच्या शरीरसंबंधांबद्दल जो प्रश्न विचारला तो हिणकस होता. त्यावर संसदेपासून आसामच्या पोलिसांपर्यंत सगळे धावून आले. पण त्या प्रश्नाने इजा झालेला माणूस दाखवा म्हटले, तर दाखवता येणार नाही. शिमग्यात याहून वाईट बोंबा मारणारे आपण त्या आठवड्यात एकदम सोवळे नेसून बसलो. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली दुसरी तक्रार मला खरी गंभीर वाटते. स्नायूंच्या दुर्मिळ आनुवंशिक आजाराने ग्रासलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने, अशा बाळांच्या महागड्या औषधावर आणि अपंग व्यक्तींवर केलेल्या विनोदांविरुद्ध दाद मागितली. ज्या घरात वर्गणी काढून इंजेक्शनचे पैसे उभे केले जातात त्या घरावर तो विनोद होता, आणि त्याला उलट टोला देण्याचे बळ त्या आईबापांकडे नसते. २५ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने ‘लेटेंट’चे सूत्रधार समय रैना यांच्यासह पाच विनोदी कलाकारांना आपापल्या कार्यक्रमांतून जाहीर माफी मागायला सांगितली आणि सरकारला नियमावली करायला सांगितले. याच न्यायालयाने २०१७ मध्ये, सरदारजींवरच्या विनोदांना आळा घाला या मागणीवर, नागरिकांनी नैतिकदृष्ट्या कसे वागावे याची सूत्रे आम्ही घालून देऊ शकत नाही, असे म्हटले होते. मला २०१७ ची भूमिका अधिक योग्य वाटते. विनोद क्रूर होता हे मान्य करूनही, सरकारच्या हाती नियमावली दिली की ती आधी कोणावर चालवली जाईल, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

मग क्रूर विनोदाचे करायचे काय? येथे परदेशातील एक गोष्ट मला उपयोगाची वाटते आणि ती फौजदारी कायद्यात सापडत नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याने कामाच्या जागी होणाऱ्या छळाची व्याख्या केली आहे. वंश, लिंग, धर्म, अपंगत्व अशा कारणांशी निगडित वागण्याने माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का लागत असेल किंवा त्याच्यासाठी वातावरण अपमानास्पद होत असेल, तर तो छळ; आणि ते ठरवताना त्याला स्वतःला काय वाटले, परिस्थिती काय होती आणि तसे वाटणे वाजवी होते का, या तिन्ही गोष्टी पाहायच्या. जबाबदारी मालकावरही येते. तुरुंग नाही, हातकडी नाही. हा नियम कामाच्या जागेला लागू होतो यात मर्म आहे, कारण पोट तेथे अडकलेले असते. तिकीट काढून आलेला प्रेक्षक उठून जाऊ शकतो, कार्यालयातला माणूस उठून कोठे जाणार? मला तर हद्द ओळखण्याची हीच खूण सर्वांत भरवशाची वाटते. ज्याच्यावर विनोद झाला त्याला फार काही न गमावता तेथून निघून जाता येते का, हे आधी पाहावे. शिंदे यांना कामरांचे गाणे ऐकावे लागत नव्हते. परदेशातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडायचे म्हणजे मात्र गणपती, दिवाळीचा फराळ, मुलांची मराठी शाळा आणि अडीनडीला धावून येणारी चार घरे, सगळ्यालाच मुकायचे.

आमच्याच मंडळातली गोष्ट. गणपतीच्या आधीचा आठवडा होता, गटात मखर, वर्गणी आणि उकडीचे मोदक कोण करणार याची चर्चा चालली होती. तेवढ्यात एका ज्येष्ठ सभासदांनी आरक्षणातून डॉक्टर झालेल्या सर्जनचा तो जुनाट विनोद पुढे ढकलला, ज्यात रोग्याला विमा आधी काढायला सांगतात. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग येथल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ असलेल्या एका सभासदाने दोन ओळी लिहिल्या: ‘काका, मी राखीव जागेवरच एमबीबीएस झालो. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला भूल मीच दिली होती.’ गट तासभर गप्प. मग कोणीतरी ‘विनोद विनोदासारखा घ्यावा’ असा उपदेश केला, त्याखाली अंगठे उमटले, आणि ॲडमिनने ‘कृपया येथे फक्त कार्यक्रमाविषयी लिहावे’ अशी सूचना टाकली. म्हणजे विनोद करणारा आणि उत्तर देणारा, दोघांनाही एकाच मापाने समज. ते डॉक्टर गट सोडून गेले नाहीत. पण दर वर्षी माइक आणि स्पीकर तेच लावायचे, ते त्या वर्षी त्यांनी लावले नाहीत. मी नंतर ॲडमिनशी बोललो तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, मी काय शाळामास्तर आहे का? काकांचं वय बघा.’

याच मंडळातल्या चारचौघांना मी कार्यालयात कोणी आपल्या उच्चारांची नक्कल केली किंवा डब्याच्या वासावरून टोमणा मारला, तर एचआरकडे तक्रार करावी का, याचा तासन् तास खल करताना ऐकले आहे. तक्रार करावी, असेच माझे मत आहे. पण दिवसा जो न्याय मागायचा तो रात्री गटात द्यायची वेळ आली की ‘आपल्याच माणसांत काय एवढं’ म्हणायचे, हे अजब आहे. कामरांच्या स्वातंत्र्यासाठी लेख पाठवणारे आणि भूलतज्ज्ञाला खिलाडूवृत्ती शिकवणारे हात कित्येकदा एकच असतात.

ॲडमिनवर कायद्याने किती भार टाकावा, याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिले आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका गटात एका सभासदाने महिला सभासदाविषयी अश्लाघ्य मजकूर लिहिला. ॲडमिनने त्याला काढले नाही की माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. पूर्वसंगनमत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, कारण सभासद घेणे आणि काढणे एवढाच त्याचा अधिकार आहे, असे सांगून न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. निकाल बरोबरच आहे. पण ‘एवढाच’ म्हटलेला अधिकार काही कमी नाही. त्याने तो त्याच दिवशी वापरला असता, दोन वाक्यांत समज दिली असती, तर त्या बाईंना पोलिस ठाण्याची पायरी चढावी लागली असती असे मला वाटत नाही. ॲडमिन आपले काम करत नाही म्हणून ते फौजदाराकडे जाते, आणि फौजदाराकडे गेले की त्याला कलम शोधावेच लागते.

आमच्या मंडळाच्या यंदाच्या वार्षिक सभेत मी एक साधा ठराव मांडला आहे. गटातल्या कोणा सभासदाच्या जातीवर, व्यंगावर किंवा लिंगावर विनोद आला, तर ॲडमिनने तो तासाभरात काढावा, टाकणाऱ्याला नाव घेऊन सांगावे आणि ज्याला लागला त्याला गप्प बसायला सांगू नये. राजकारण्यांवरच्या विनोदांना मात्र हात लावू नये. शेवटच्या वाक्याला निम्म्या कार्यकारिणीचा विरोध आहे, कारण त्यांना गटात राजकारणच नको आहे. खजिनदार म्हणतात की, तासाभराची अट कामाच्या दिवशी पाळता येणार नाही, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे, म्हणून मी ती ‘त्याच दिवशी’ अशी बदलायला तयार आहे. काकांना हे कोणी सांगायचे, यावर मात्र अजून कोणी बोललेले नाही.