रात्री बाराच्या आत पासवर्ड बदलू नका

काल रात्री साडेदहाला आत्याचा फोन. "अरे, बँकेचं खातंच उघडेना. तीनदा टाकलं, आता म्हणतंय लॉक झालं." संध्याकाळभर बसून तिनं एकूण एक पासवर्ड बदलले होते. बँक, जीमेल, फेसबुक, गॅसचं बुकिंग. कुठला कशाचा, ते आता तिलाच आठवत नव्हतं.

कारण भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज. जून २०२५ पासून थोडा थोडा रंग बदलत फिरतोय तोच. इंटरनेटच्या सुरक्षेला भगदाड पडलंय, गूगल-अ‍ॅपल-फेसबुक फोडून १६ अब्ज पासवर्ड पळवलेत, आज रात्री बाराच्या आत सगळे बदला, तुमचा गेलाय का ते खालच्या लिंकवर पासवर्ड टाकून बघा, यापुढे दर महिन्याला बदला, वहीत अजिबात लिहू नका. शेवटी जोडलेले हात आणि 'दहा जणांना पाठवा'.

आत्या ७१ वर्षांची, निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेत कुणी असला अर्ज आणला असता तर लाल पेनानं परत केला असता. पण 'काळजीपोटी पाठवतेय' म्हटलं की आपण सगळेच ढिले पडतो.

आधी त्या लिंकचं बघू, कारण माझं डोकं तिथंच फिरलं. पासवर्ड चोरीला गेलाय का हे बघायला पासवर्ड टाका! उद्या दारात कुणी येऊन म्हणाला, "काकू, तुमच्या किल्लीची नक्कल झालीय का बघतो, जरा द्या इकडे," तर द्याल? सगळा मेसेज रचलाय तो माणसाला घाबरवून त्या लिंकपर्यंत आणण्यासाठी. खरी तपासणी करायची तर 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची साइट आहे, ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली. तिथं ईमेलचा पत्ता टाकायचा, तो कुठल्या चोरीत सापडला ते कळतं. पासवर्ड तपासायचीही सोय आहे, पण तुमच्याच ब्राउझरमध्ये त्याचा सांकेतिक अवतार तयार होतो आणि त्याची फक्त पहिली पाच अक्षरं तिकडे जातात. तरीही मी आत्याला म्हणेन, ईमेलवरच थांब.

आता ते १६ अब्ज. जगाची लोकसंख्या आठ अब्जांच्या वर, म्हणजे पाळण्यातल्या बाळासकट माणशी जवळजवळ दोन. आकडा हवेतला नाही, हे नाइलाजानं मान्य. 'सायबरन्यूज' या सायबर सुरक्षेच्या बातम्या देणाऱ्या साइटनं तेव्हा चोरलेल्या पासवर्डांचे ३० साठे मोजून तो दिला होता. पण त्यात एकच नोंद पुन्हा पुन्हा आलेली असू शकते, आणि गूगल किंवा अ‍ॅपल कुणी फोडलेलं नव्हतं. बहुतेक माल लोकांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमधून गेलेला. फुकटातलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, गेम असं काही उतरवून घ्यायचं, त्यातून चोर प्रोग्राम शिरतो आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेतो.

आणि म्हणूनच 'रात्री बाराच्या आत' हा सल्ला घातक आहे. चोर अजून तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये बसलेला असेल, तर तिथं बसून टाकलेला नवा पासवर्डही त्याच्याच खिशात. आधी मशीन साफ करा किंवा दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून बदला. बदलताना 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' करा, नाहीतर आधीच उघडं राहिलेलं खातं तसंच उघडं राहू शकतं.

भगदाड खरोखर इंटरनेटलाच पडलं होतं ते २०१४ मध्ये. ७ एप्रिलला हार्टब्लीड नावाची चूक जाहीर झाली. ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली ही चूक दोन वर्षं तशीच पडून होती. गल्ल्यावर एक रुपया ठेवून "माझे पाचशे परत द्या" म्हणावं आणि दुकानदारानं न मोजता हातात येईल ते द्यावं, तसं चाललं होतं. एका खेपेला सर्व्हरच्या स्मृतीतले ६४ किलोबाइटपर्यंत काहीही बाहेर यायचं. त्यात नुकतंच लॉगिन केलेल्यांचे पासवर्डही असायचे. दुसऱ्याच दिवशी अभ्यासकांनी याहूच्या सर्व्हरमधून असे पासवर्ड काढून दाखवले होते. आता सांगा, सर्व्हर दुरुस्त होण्याआधी घाईनं पासवर्ड बदलायला गेलेल्याचं काय? जुना आणि नवा, दोन्ही त्याच स्मृतीत. कंपनीनं आधी दुरुस्ती करायची, साइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं नवी घ्यायची, मग तुम्ही बदलायचं. ओळख लपवून इंटरनेट वापरायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टॉर प्रोजेक्टनं तर कडक गोपनीयता हवी असणाऱ्यांना काही दिवस इंटरनेटपासूनच लांब राहा म्हणून सुचवलं होतं. तो सल्ला दहा जणांना कोण पाठवणार!

दर महिन्याला बदला? अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं की ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा जरूर लावा. सक्ती केली की काय होतं ते आत्याकडे बघा: नातवाचं नाव आणि पुढे १, मग २, मग ३.

वहीचं म्हणाल तर कपाटातल्या वहीपर्यंत परदेशातला चोर पोचत नाही. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवून तो वहीत लिहिणं, हे सगळीकडे एकच ठेवण्यापेक्षा कैक पटीनं बरं. एटीएमचा पिन मात्र कार्डाच्या पाकिटात ठेवू नका, एवढंच.

एक गोष्ट मेसेजच्या बाजूनं. सर्ट-इन या आपल्या सरकारी यंत्रणेनंही त्या जूनमध्ये पासवर्ड बदला असं सांगितलं होतं. सोबत दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय फोनवरच्या कोडसारखा आणखी एक पुरावा मागणारी सोय, सुरू करा असंही सांगितलं होतं. फॉरवर्डमधून नेमकं तेवढंच गळालं.

आत्याला विचारलं, लिंकवर कुठला पासवर्ड टाकलास? "जुनाच रे. म्हटलं, गेलेला तोच असणार ना." तो जुना विजेच्या बिलाच्या खात्याला अजून तसाच आहे, ते एक बदलायचं राहिलं होतं. सकाळी माझ्या लॅपटॉपवर बसून बदलणार आहोत. वही घेऊन ये म्हटलंय.