वेध पाळणारे आणि वेध मोडणारे

आकाशात काय घडणार आहे याची वेळ साताऱ्यातील घरांना जितकी अचूक ठाऊक असते, तितकी ती न्यूझीलंडमधील फारच थोड्या घरांना ठाऊक असेल. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाचा स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी आहे, मोक्ष मध्यरात्रीनंतर १ वाजून २६ मिनिटांनी आहे आणि वेध दुपारपासूनच लागणार आहेत, हे व्यंकटपुऱ्यातील माझ्या मावशीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहून मला फोनवर सांगितले. येथे क्राइस्टचर्चमध्ये माझ्या शेजाऱ्यांना ग्रहण आहे याचाही पत्ता नव्हता. तरीही खगोलाविषयीच्या अनास्थेचा विषय निघाला की मला चिंता वाटते ती साताऱ्याची. मिनिटापर्यंतची वेळ माहीत असलेला माणूस नेमक्या त्याच वेळी खिडकी लावून घेतो, तेव्हा त्या अनास्थेला अज्ञान म्हणता येत नाही.

त्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठा वाद झाला. वेधात शिजवलेले अन्न चालते का, पौर्णिमेचे श्राद्ध कितीपर्यंत उरकावे, गरोदर सुनेने भाजी चिरावी की नाही, हे एका बाजूचे प्रश्न होते. दुसऱ्या बाजूने माझ्या दोन चुलतभावांनी ऐन ग्रहणात मिसळ खातानाचा फोटो टाकून आपले पुरोगामीपण जाहीर केले. वाद तावातावाने चालला, पण चंद्र तांबूस दिसला की विटकरी, त्यावर सरकणारी पृथ्वीची सावली कडेला गोल होती का, निदान ढग तरी होते का, याबद्दल कोणीही एक ओळ लिहिली नाही. खग्रास अवस्था अकरा वाजल्यापासून सुमारे ८२ मिनिटे टिकली आणि तेवढा वेळ वेध पाळणारे व वेध मोडणारे असे दोघेही छपराखालीच होते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावात वाढलेल्या माणसाने हे जपून लिहिले पाहिजे, याची मला जाणीव आहे. ग्रहणात जेवल्याने काही बिघडत नाही हे लोकांसमोर जेवून दाखवणे आवश्यकच होते. २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साह्याने फलज्योतिषाची जी चाचणी घेतली, तीत २७ ज्योतिष्यांनी कुंडल्यांवरून हुशार आणि मतिमंद मुले ओळखण्याचा प्रयत्न केला आणि त्यांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती तितकीही नाहीत. अशा कामाचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु एक समजूत खोडून काढली की त्या जागी कुतूहल आपोआप उगवते, असे आपण सगळ्यांनी गृहीत धरले, आणि ते तसे उगवले नाही. माण-खटावातील शेतकरी मृगाच्या पेरणीचा हिशोब आजही करतो, त्या नक्षत्राचे वाहन कोणते हेही विचारतो. पण जूनमध्ये सूर्यच मृगात असल्यामुळे ते तारे तेव्हा दिसत नाहीत, ते जानेवारीच्या रात्री व्याधासह ठळक दिसतात, हे बोटाने दाखवणारे त्याच्या घरात आता कोणी उरलेले नसते.

आपल्याच भागातून केवढी घटना जाऊन गेली, याचाही आपल्याला विसर पडला आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून घाट चढून वर आला. विजयदुर्गावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर दुर्बिणी मांडून बसले होते आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथक व पुण्याचे प्रा. नायगमवाला होते. नकाशावर या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेघ ओढली तर ती कऱ्हाडजवळून जाते, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरही त्या दिवशी भर दुपारी दीड-दोन मिनिटे अंधारले असणार. (विजयदुर्गावरील दुर्बिणींचे ओटे दाखवताना लॉकियर यांनी १८६८ साली तेथेच हेलियम शोधला असे सांगितले जाते. त्या वर्षी ते भारतात आलेच नव्हते. पण तीस वर्षांनी ते खरोखरच तेथे आले होते, ही हकिकत पुरेशी चांगली आहे.)

आता इकडचे सांगतो. परदेशात लोक आकाशाचे वेडे असतात असा गैरसमज मला पसरवायचा नाही. येथील बहुतेकांना रग्बीची फेरी ठाऊक असते, चंद्राची कला नसते, आणि वृत्तपत्रात राशिभविष्यही छापून येते. ११ मे २०२४ रोजी दोन दशकांतील सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळामुळे आमचे दक्षिणेकडील आकाश गुलाबी झाले, तेव्हा माणसे गाड्या घेऊन समुद्रकिनाऱ्यांवर धावली आणि पुढच्या आठवड्यात तो विषय विसरूनही गेली. फरक स्वभावात नाही. तो दिव्यांच्या नियमांत आणि हौशी निरीक्षकाला मिळणाऱ्या मानात आहे. टेकापो तलावाच्या परिसरात बाहेरच्या दिव्यांवर झाकण हवे, प्रकाश खालीच पडला पाहिजे, असा स्थानिक नियम १९८० च्या दशकाच्या आरंभापासून आहे. तो माउंट जॉनवरील वेधशाळेसाठी झाला होता. २०१२ साली त्या मुलखाला राखीव काळोखी आकाशाचा दर्जा मिळाला आणि आज लोक केवळ तारे पाहण्यासाठी तेथे पैसे मोजून मुक्काम करतात.

मानाबद्दल एकच उदाहरण देतो. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलन मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर, एक तारा फुटला. १६०४ नंतर नुसत्या डोळ्यांना इतका ठळक दिसलेला तो पहिलाच अतिनवतारा. साताऱ्याहून तो क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश वर आला असता, म्हणजे डोंगरांमुळे दिसलाच नसता. तो स्वतंत्रपणे ओळखणाऱ्या मोजक्या लोकांत येथील नेल्सन गावचे अल्बर्ट जोन्स होते. त्यांनी पोटासाठी गिरणीत काम केले, किराणा दुकान चालवले, मोटारी जुळवण्याच्या कारखान्यात नोकरी केली आणि हयातभरात रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या तेजाच्या पाच लाखांहून अधिक नोंदी केल्या. अशी माणसे आपल्याकडे नाहीत असे नाही. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करते आहे. साताऱ्यात मात्र कोणी गच्चीवर दुर्बीण लावली की शेजारी पहिला प्रश्न पत्रिकेचा विचारतात.

अनास्थेचा थोडा दोष खोट्या बोभाट्यालाही द्यावा लागेल. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ खरोखरच पृथ्वीच्या सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटर इतका जवळ आला होता. ‘आज मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप त्यानंतर पुन्हापुन्हा ऑगस्टमध्ये फिरत राहिला. त्यावर विश्वास ठेवून एकदा गच्चीवर जाऊन आलेला माणूस पुढच्या खऱ्या धूमकेतूसाठी जिना चढत नाही, आणि त्याला मी दोष देणार नाही.

‘आकाश बघून नळाला पाणी येतं का रे?’ असे माझे थोरले चुलतबंधू मला विचारतात. येत नाही, दादा. परंतु कासच्या रस्त्यावर उलट्या तोंडाने लावलेले झगझगीत दिवे खाली वळवले किंवा झाकले तर नळाचे पाणी जाणारही नाही; विजेचे बिल मात्र कमी येईल. कासला लोक सप्टेंबरमध्ये फुलांसाठी जातात आणि डिसेंबरमध्ये हुरड्यासाठी व पार्टीसाठी, आणि दोन्ही वेळी यवतेश्वरापासून पुढे हॉटेलांचा उजेड वाढतच चाललेला दिसतो. याच राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या आरंभी देशातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा हे आपल्याला जमण्यासारखे नाही असेही म्हणता येणार नाही.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री पुन्हा खग्रास चंद्रग्रहण आहे. भारतीय वेळेनुसार पावणेदहा ते अकराच्या दरम्यान सुमारे ७१ मिनिटे चंद्र पूर्ण सावलीत राहील. येथे क्राइस्टचर्चमध्ये तो त्या वेळी पहाटेच्या उजेडात मावळत असेल, तर साताऱ्यात चांगला उंच, बहुधा निरभ्र आकाशात असेल. वेधांचा वाद तेव्हाही होईल. पण त्या रात्री निम्मा सातारा तसाही जागा असणार आणि कासच्या रस्त्यावर उघड्यावरच असणार, म्हणून जिल्हा प्रशासनाने आणि हॉटेलमालकांनी त्या ७१ मिनिटांपुरते बाहेरचे दिवे बंद ठेवण्याचे आतापासून ठरवावे, आणि मिसळ खाणाऱ्यांनी ती खुशाल अंगणात बसून खावी.